न्यायाधीशाने कागद पाहायचा की नाही?

यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखालच्या एखाद्या आरोपीला जामीन मिळाला की एक युक्तिवाद हमखास पुढे येतो. वृत्तवाहिन्यांवर तो आरडाओरडा करत येतो, वकिलांच्या परिसंवादांत सभ्य भाषेत येतो. गाभा मात्र एकच असतो. व्यक्तिस्वातंत्र्यावर मर्यादा घालण्याचं काम घटनाकारांनी संसदेकडे दिलं होतं. कायदा न्याय्य आहे की नाही हे तपासण्याचा अमेरिकी धर्तीचा अधिकार त्यांनी न्यायालयांना विचारपूर्वक नाकारला. १९७८ मध्ये मनेका गांधी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तोच अधिकार मागच्या दाराने मिळवला, आणि तेव्हापासून न्यायाधीश स्वतःची मतं घटनेच्या नावावर खपवत आहेत. संसदेने जामिनाला कडक अट घातली असेल, तर ती लिहिली आहे तशी पाळावी, त्यापलीकडे न्यायालयाने डोकावू नये.

या युक्तिवादामागे खरा इतिहास आहे, आणि तो मांडणारे सगळेच काही सत्तेचे भाट नाहीत. म्हणून तो झटकून टाकता येत नाही, त्याला उत्तरच द्यावं लागतं. माझं म्हणणं असं आहे की हा इतिहास अर्धाच सांगितला जातो. उरलेला अर्धा वाचला की दिसतं, आपल्याकडे न्यायालयांनी घटनेत जास्त वाचल्यामुळे माणसं विनाखटला कोठडीत राहिली नाहीत. सरकारने पुढे केलेला कागद न्यायाधीशांनी उघडून पाहिला नाही, तेव्हा ती राहिली.

घटनाकारांपासूनच सुरुवात करू, कारण विरोधकांची सगळी भिस्त त्यांच्यावर आहे. घटना सल्लागार बी. एन. राव १९४७ च्या अखेरीस अमेरिकेत गेले, तिथे न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांना भेटले आणि त्यानंतर मसुद्यातली ‘ड्यू प्रोसेस’ची तरतूद गळाली, हे खरं आहे. पण रावांना भीती कशाची होती? अमेरिकेतल्या न्यायालयांनी याच तरतुदीचा आधार घेऊन कामगारांच्या हिताचे आणि सामाजिक सुधारणेचे कायदे अनेक वर्षं मोडून काढले होते. भारतात जमीनदारी संपवायची होती. न्यायाधीशांनी मालमत्तेची ढाल जमीनदारांच्या हाती द्यायला नको होती. ही भीती रास्तच होती. आता १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनंतर मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कच राहिलेला नाही. भीतीचं मुख्य कारण गेलं, आणि त्या भीतीपोटी केलेली तडजोड मात्र आज विनाखटला कोठडीत बसलेल्या माणसाविरुद्ध वापरली जाते.

फाळणीच्या हिंसाचाराची आणि स्थानबद्धतेची बाजूही त्या चर्चेत होती, हे नाकारायचं कारण नाही. कलम २२ मध्ये स्थानबद्धतेला जागा दिली तीही घटनाकारांनीच. पण ते कलम घटनेत कसं आलं, हे आपले विरोधक सांगत नाहीत. डिसेंबर १९४८ मध्ये, आजच्या कलम २१ वर चर्चा झाली तेव्हा, डॉ. आंबेडकरांनी दोन्ही बाजूंचे धोके सभागृहापुढे ठेवले. एका बाजूला मूठभर न्यायाधीशांच्या मर्जीने कायदे पडतील, दुसऱ्या बाजूला बहुमतातला पक्ष हवं त्याला तुरुंगात टाकेल. त्यांनी एका बाजूने कौल दिला नाही. नऊ महिन्यांनी, १५ सप्टेंबर १९४९ रोजी, ते स्वतः नवं कलम घेऊन उभे राहिले. अटक झालेल्याला कारणं कळवा, वकिलाचा सल्ला घेऊ द्या, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करा, असं सांगणारं तेच आजचं कलम २२. ते का आणलं, हे सांगताना त्यांनी कबूल केलं की आधीच्या कलमाच्या शब्दरचनेवर सभागृहातले अनेक जण आणि ते स्वतःही फार नाराज होते, कारण कोणालाही अटक करण्याबाबतचा कायदा करायला संसदेला मोकळं रान मिळालं होतं. मसुदा समितीचा अध्यक्षच असं म्हणतो, तेव्हा संसदेला कोरा धनादेश देण्यावर घटनाकारांचं एकमत होतं, हा दावा कसा टिकणार?

पुढची पायरी १९५० ची. कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांनी आपल्या स्थानबद्धतेला आव्हान दिलं. सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने कलम २१ चा अर्थ अगदी संकुचित केला. कायदा आहे ना, त्यात पद्धत लिहिली आहे ना, मग झालं. न्या. फजल अलींनी एकट्याने वेगळा सूर लावला. न्यायालयांनी संयम पाळावा म्हणणाऱ्यांचा हा लाडका निकाल. पण त्याच निकालातली एक गोष्ट ते सहसा सांगत नाहीत. प्रतिबंधक स्थानबद्धता कायद्याच्या कलम १४ नुसार, माणसाला कोणत्या कारणांसाठी डांबलं ते न्यायालयात उघड करायलाच बंदी होती. न्यायालयाने ते कलम रद्द केलं. संसदेचा शब्द प्रमाण मानणाऱ्या त्या खंडपीठालाही, न्यायाधीशापुढे कारणांचा कागद येऊच द्यायचा नाही ही कल्पना सहन झाली नाही. कारणं कळलीच नाहीत तर ती कलम २२ मध्ये बसतात की नाही हे न्यायालय ठरवणार कसं, एवढा साधा तो प्रश्न होता.

यानंतरचं एक प्रकरण आपल्या मुंबईचं आहे आणि मराठी वाचकांनी ते विसरता कामा नये. चीन युद्धानंतर आणीबाणी लागू होती. भारत संरक्षण नियमांखाली प्रभाकर पांडुरंग संझगिरी मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध होते. तिथे त्यांनी सरकारच्या परवानगीने मराठीत एक पुस्तक लिहिलं. त्याचं नाव ‘अणूच्या अंतरंगात’. विषय शुद्ध विज्ञान. हस्तलिखित छपाईसाठी पत्नीकडे पाठवू द्या, अशी त्यांनी १९६४ मध्ये मागणी केली. सरकारने नकार दिला. उच्च न्यायालयाने संझगिरींच्या बाजूने निकाल दिला, तर महाराष्ट्र सरकार एका विज्ञानाच्या पुस्तकाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं.

सरकारचा युक्तिवाद बारकाईने पाहण्यासारखा आहे. स्थानबद्ध माणसाचं स्वातंत्र्य संपलेलं असतं. त्याला ज्या सवलती मिळतात त्या नियमांत मोजून लिहिल्या आहेत आणि पुस्तक बाहेर पाठवण्याची सवलत त्या यादीत नाही. तेव्हा त्याला तो हक्क नाही. शब्दाला शब्द लावून वाचलं तर हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. न्या. सुब्बा रावांच्या खंडपीठाने १९६५ मध्ये तो उलटा फिरवला. नियमांत लिहिलेल्या गोष्टी या मेहेरबानीने दिलेल्या सवलती नसून बंधनं आहेत, आणि जे बंधन लिहिलेलं नाही ते तुरुंग अधिकाऱ्याला लादता येणार नाही. न्यायालयाने पुस्तकाची अनुक्रमणिका पाहिली, त्यात देशाच्या संरक्षणाला बाधेल असं काही नाही हे नोंदवलं आणि सरकारचं अपील फेटाळलं. कायदा तोच होता, आणीबाणी चालू होती, मनेका गांधी निकालाला अजून बारा-तेरा वर्षं होती. तरीही एका कैद्याचं पुस्तक बाहेर आलं, कारण न्यायाधीशांनी ते काय आहे हे विचारलं.

या निकालाची वाट दोन वर्षांपूर्वी एका मराठी न्यायमूर्तींनीच मोकळी केली होती. १९६३ च्या माखन सिंग खटल्यात न्या. गजेंद्रगडकरांनी बहुमताचा निकाल लिहिला. राष्ट्रपतींच्या आदेशाने मूलभूत हक्क मागण्याची वाट बंद झाली, तरी आपल्याला दुष्ट हेतूने किंवा कायद्याबाहेर जाऊन डांबलं आहे असं म्हणायची वाट बंद होत नाही, असा त्याचा आशय होता. गजेंद्रगडकर काही बंडखोर न्यायाधीश नव्हते. संसदेच्या अधिकाराचा मान राखूनच त्यांनी ही फट उघडी ठेवली.

ती १९७६ मध्ये बुजवली गेली. १९७५ च्या आणीबाणीत मिसा या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली डांबलेल्यांच्या याचिका ऐकता येतील, असं मुंबईसह देशातल्या नऊ उच्च न्यायालयांनी म्हटलं होतं. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी सगळ्यांना चूक ठरवलं. सरकारची बाजू अशी होती की १९७५ चा राष्ट्रपतींचा आदेश १९६२ च्या आदेशापेक्षा व्यापक आहे, त्याला अटी जोडलेल्या नाहीत, म्हणून माखन सिंग निकाल इथे लागू होत नाही. शब्द पाहिले तर हा फरक होताच. न्या. हंसराज खन्नांनी महान्यायवादी निरेन डे यांना विचारलं की एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून माणूस मारला तर काय? आणीबाणी असेपर्यंत त्यावरही न्यायालयात दाद नाही, असं उत्तर आलं. चार न्यायाधीशांना ते चाललं.

याच निकालात मिसाचं कलम १६अ(९) ग्राह्य धरलं गेलं. त्याने स्थानबद्धतेची कारणं गोपनीय ठरवून न्यायालयापासूनही झाकली होती. १९५० मध्ये गोपालन खंडपीठाने जे कलम टाकून दिलं, त्याच जातीचं कलम २६ वर्षांनी न्यायालयाने मान्य केलं. ‘जसं लिहिलं तसं पाळा’ म्हणणाऱ्यांना मला विचारायचं आहे: तुमच्या कसोटीवर १९७६ चा निकाल आदर्श ठरतो की नाही? चार न्यायाधीशांनी आपली मतं कुठेही घुसवली नाहीत. संसदेचा कायदा आणि राष्ट्रपतींचा आदेश त्यांनी अक्षरशः पाळला. मग ४४ व्या घटनादुरुस्तीने कलम २० आणि २१ आणीबाणीतही स्थगित होणार नाहीत असं लिहून ठेवावं, असं संसदेला का वाटलं? आणि २०१७ मध्ये खासगीपणाच्या खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठापुढे तो निकाल रद्द का झाला? बहुमतातल्या न्या. यशवंतराव चंद्रचूडांच्या मुलानेच, न्या. धनंजय चंद्रचूडांनी, तिथे वडिलांचा निकाल गंभीर चूक असल्याचं लिहिलं. खन्नांनी ते १९७६ मध्येच सांगितलं होतं, आणि १९७७ च्या जानेवारीत त्यांना डावलून न्या. बेग यांना सरन्यायाधीश केलं गेलं.

त्याच काळात मुंबई उच्च न्यायालयात न्या. मादन आणि न्या. कानिया यांच्यापुढे मिनू मसानींच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ मासिकाचं प्रकरण आलं. सेन्सॉरने अडवलेला मजकूर त्यांनी तपासला आणि सरकारवर टीका करणं हा आणीबाणीतही गुन्हा होत नाही, असा निकाल फेब्रुवारी १९७६ मध्ये दिला. कायदे देशभर तेच होते.

आता मनेका गांधी. हा निकाल म्हणजे न्यायालयाने केलेली सत्तेची लूट, असं ज्यांना वाटतं त्यांनी प्रकरण काय होतं ते पाहावं. जनता सरकारने १९७७ मध्ये त्यांचा पासपोर्ट ताब्यात घेतला. कारण विचारलं, तर ते सांगणं जनहिताचं नाही असं उत्तर मिळालं. एवढंच. ज्या घराण्याच्या सत्तेत हजारोंना कारण न सांगता डांबलं गेलं, त्याच घराण्याच्या सुनेला नव्या सरकारने कारण नाकारलं. न्यायालयाने म्हटलं की कायद्याने सांगितलेली पद्धत वाजवी आणि न्याय्य असली पाहिजे, लहरी नको. मनेका गांधींची बाजू ऐकून घेऊ असं आश्वासन सरकारने दिलं, त्यामुळे पासपोर्ट परत करण्याचा आदेशही न्यायालयाने दिला नाही. सरकारने कारण सांगावं आणि समोरच्याचं ऐकावं, हे मागणं एवढं मोठं अतिक्रमण असेल, तर कलम २२ लिहिणारेही त्यात भागीदार ठरतात.

मुख्य प्रश्न आजचा आहे. २६/११ नंतर डिसेंबर २००८ मध्ये यूएपीएत कलम ४३डी(५) आलं. केस डायरी किंवा आरोपपत्र पाहून, आरोप प्रथमदर्शनी खरा मानायला वाजवी कारणं आहेत असं न्यायालयाचं मत झालं, तर जामीन देऊ नये, असं ते सांगतं. विरोधकांची अट मी मान्य करतो. जसं लिहिलं आहे तसंच वाचू. मत कोणाचं व्हायचं आहे? न्यायालयाचं. कशावरून? कागद पाहून. कारणं कशी हवीत? वाजवी. संसदेने न्यायाधीशाला डोळे मिटायला सांगितलेलं नाही. तपास यंत्रणेचं म्हणणं हेच न्यायालयाचं मत, असं या कलमात कुठेही लिहिलेलं नाही.

तरीही २०१९ च्या वटाली निकालात दोन न्यायाधीशांच्या खंडपीठाने जामिनाच्या टप्प्यावर पुराव्याची चिकित्सा करायची नाही, साहित्य एकत्रितपणे जसं आहे तसं धरायचं, एखादा कागद पुढे पुरावा म्हणून टिकेल की नाही हेही बघायचं नाही, असा दंडक घातला. दिल्ली उच्च न्यायालयाने कागद तपासून दिलेला जामीन रद्द झाला. व्यवहारात याचा परिणाम असा, की आरोपपत्र जितकं जाडजूड, तितका आरोप प्रथमदर्शनी खरा. दुसऱ्याच माणसाच्या संगणकात सापडलेलं, कोणी लिहिलं ते ठाऊक नसलेलं पत्रही चालतं. हे संसदेने लिहिलेलं नाही. न्यायालयाने कायद्यात भर घातली म्हणून ज्यांना राग येतो, त्यांनी या भरीवर मौन का पाळावं?

याच सर्वोच्च न्यायालयाने याहून कडक कलम सौम्यपणे वाचलेलं आहे, आणि तेही महाराष्ट्राच्या खटल्यात. मोक्का या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याचं कलम २१(४) आरोपी दोषी नाही असं मानायला न्यायालयापुढे वाजवी कारणं मागतं. म्हणजे कागदावर ते यूएपीएपेक्षा जड आहे. तेलगी मुद्रांक घोटाळ्याच्या प्रकरणात मुंबईचे माजी पोलीस आयुक्त रणजितसिंह शर्मा यांच्या जामिनाचा प्रश्न २००५ मध्ये आला, तेव्हा तीन न्यायाधीशांच्या खंडपीठाने सांगितलं की या कलमाचा अर्थ टोकाला नेला तर कोणालाच जामीन मिळणार नाही. आरोपी निर्दोष आहे असं प्रमाणपत्र न्यायालयाने द्यायचं नाही, व्यापक शक्यता पाहायच्या. माझ्या मते तो निकाल योग्य होता. माजी पोलीस आयुक्ताला ज्या नजरेने तपासलं, त्या नजरेने प्राध्यापकाला, आदिवासींसाठी काम करणाऱ्या धर्मगुरूला, बेकरीतल्या पोऱ्यालाही तपासा, एवढंच मागणं आहे.

त्या धर्मगुरूंचं नाव स्टॅन स्वामी. भीमा कोरेगाव खटल्यात ऑक्टोबर २०२० मध्ये त्यांना अटक झाली. पार्किन्सनमुळे हात थरथरत, पाणी प्यायला नळी लागे, आणि ती मिळावी म्हणूनही न्यायालयात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ रोजी, ८४ व्या वर्षी, जामिनाचा अर्ज प्रलंबित असतानाच मुंबईच्या रुग्णालयात ते गेले. त्यांच्यावरचे आरोप खरे की खोटे, हे आता कोणतंही न्यायालय सांगणार नाही. त्याच खटल्यात २०१८ मध्ये अटक झालेल्या दोघांना मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये जामीन दिला, तेव्हा सहा वर्षांहून अधिक काळ उलटला होता आणि आरोपनिश्चितीही झाली नव्हती.

यावर ठरलेलं उत्तर येतं: दहशतवादाचे खटले वेगळे असतात, वेळ लागतोच. मग कसाबचा खटला आठवा. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री तो पकडला गेला आणि मे २०१० मध्ये आर्थर रोड तुरुंगातल्या विशेष न्यायालयाने त्याला फाशी सुनावली. अठरा महिन्यांच्या आत. त्याला वकील मिळाला, पुरावा तपासला गेला, पुढे उच्च आणि सर्वोच्च न्यायालयात अपील झालं. त्याच निकालात दोन भारतीय सहआरोपी पुराव्याअभावी सुटले, कारण न्यायाधीशाने कागद पाहिला होता. मुंबईवर झालेल्या या भीषण हल्ल्याचा खटला राज्याने रीतीने आणि झपाट्याने चालवून दाखवला. जिथे चार-सहा वर्षांत आरोपही निश्चित होत नाहीत, तिथे मला इच्छेचा अभाव दिसतो. खटला न चालवताही माणूस आतच राहणार असेल, तर खटला चालवायची घाई कोणाला असेल?

ही बाजू डावी की उजवी, असा प्रश्न विचारणाऱ्यांनी जुलै २०२५ चे दोन निकाल शेजारी ठेवून वाचावेत. २१ तारखेला मुंबई उच्च न्यायालयाने २००६ च्या लोकल बाॅम्बस्फोटांतल्या बाराही जणांना निर्दोष ठरवलं. पाच जणांना फाशी झाली होती, सात जणांना जन्मठेप. एकाचा तुरुंगातच मृत्यू झाला होता. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. ३१ तारखेला मुंबईच्याच विशेष न्यायालयाने २००८ च्या मालेगाव स्फोटातल्या सातही आरोपींना सोडलं. त्यांतल्या लष्करी अधिकाऱ्याला जामीन मिळायलाच जवळपास नऊ वर्षं लागली होती. एका निकालावर एका गटाने पेढे वाटले, दुसऱ्यावर दुसऱ्याने. लोकलमध्ये आणि मालेगावात ज्यांची माणसं गेली, त्यांच्या हाती इतक्या वर्षांनी काय पडलं, याचा विचार दोन्ही गटांनी केला नाही. पुरावा पहिल्याच टप्प्यावर कसोशीने तपासला असता, तर तपास चुकीच्या वाटेने जात असल्याचं तेव्हाच कळलं असतं आणि खरे गुन्हेगार शोधायला वेळ उरला असता. न्यायाधीशाने कागद न पाहण्याची किंमत पीडितही मोजतात.

सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या नजीब निकालात ही कोंडी थोडी फोडली. केरळमधला तो आरोपी पाच वर्षांहून अधिक काळ आत होता, २७६ साक्षीदार बाकी होते. खटला वाजवी वेळेत संपणार नसेल तर ४३डी(५) घटनात्मक न्यायालयांचे हात बांधत नाही, असं तीन न्यायाधीशांनी सांगितलं. जुलै २०२३ मध्ये व्हर्नन गोन्साल्विस प्रकरणात, पुरावा किती वजनाचा आहे हे वरवर का होईना पाहावंच लागेल, असं म्हटलं गेलं. मग फेब्रुवारी २०२४ मध्ये दुसऱ्या खंडपीठाने यूएपीएत तुरुंग हा नियम आणि जामीन अपवाद असं लिहिलं, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आणखी एका खंडपीठाने अशा कायद्यांतही जामीन हाच नियम असल्याचं सांगितलं. आपलं प्रकरण कोणत्या खंडपीठापुढे लागतं यावर माणसाची वर्षं अवलंबून राहतात. लिहिल्याप्रमाणे पाळा म्हणणाऱ्यांना किमान ही अनिश्चितता तरी खटकायला हवी.

महाराष्ट्राला हा वाद दूरचा नाही. विधिमंडळाने जुलै २०२५ मध्ये विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं आणि त्यातल्या बेकायदा कृत्याच्या व्याख्येवर सभागृहात आणि बाहेरही आक्षेप आले. अशा कायद्याखाली पकडलेला माणूस उद्या उच्च न्यायालयात उभा राहील, तेव्हा न्यायाधीशांपुढे दोन्ही परंपरा असतील: अनुक्रमणिका उघडून पाहणारी आणि कारणं गोपनीय आहेत म्हणून मान फिरवणारी.

तोवर काही गोष्टी करता येण्याजोग्या आहेत. वटाली आणि नजीब यांच्यातली विसंगती सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या पीठाकडे सोपवून मिटवावी. यूएपीएखाली जामीन नाकारणाऱ्या प्रत्येक न्यायाधीशाने कोणता कागद पाहिला आणि त्यावरून कोणतं वाजवी कारण दिसलं, ते आदेशात लिहावं. आरोपनिश्चितीला मुदत असावी, आणि ती सरकारमुळे टळली तर आरोपीचा जामीन रोखण्याचा अधिकार सरकारने गमवावा. मुंबईतल्या बनावट नोटांच्या एका यूएपीए खटल्यात आरोपी चार वर्षं आत होता आणि आरोप निश्चित झाले नव्हते. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तपास यंत्रणेला सुनावलं की खटला लवकर चालवायची ऐपत नसेल, तर गुन्हा गंभीर आहे या कारणाने जामिनाला विरोध करू नका. हे एका आरोपीपुरतं न राहता प्रत्येक विशेष न्यायालयात, पहिल्याच जामीन अर्जापासून लागू झालं पाहिजे.